नोकरीतला ताण: आधी नोंद, मग उपाय

कामाच्या ताणावर सल्ला मागितला की उत्तरं ठरलेली असतात. दीर्घ श्वास घ्या, ध्यान करा, मन रमवा, चार दिवस सुट्टी काढा. यातलं काही चुकीचं नाही. पण या सगळ्यात गृहीत असं धरलेलं असतं की काम आहे तसंच राहणार, बदलायचं ते तुम्हीच. मला हे पटत नाही. ताण खरोखर उतरवायचा तर निम्मी मेहनत कामाच्या मांडणीवर घ्यावी लागते, आणि ती नेमकी कुठे घ्यायची हे कळायला आधी ताण कशाचा आहे ते शोधावं लागतं. म्हणून या लेखात श्वासाचा नंबर बराच मागे आहे.

एक मात्र आधीच सांगतो. जगणं नकोसं वाटत असेल, जीव द्यावा असे विचार येत असतील, तर खालच्या पायऱ्या तूर्त बाजूला ठेवा आणि ‘डॉक्टरकडे कधी जायचं’ हा भाग पहिल्यांदा वाचा.

ताण येतो तरी कशाने

धोका दिसला की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं. छातीत धडधड होते, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. ही यंत्रणा थोड्या वेळासाठी आहे. संकट टळलं की ती शांत व्हावी अशी तिची रचना आहे. ऑफिसातलं संकट मात्र टळतच नाही. ते इनबॉक्समध्ये पडून असतं, रात्री फोनवर येतं आणि रविवारी संध्याकाळपासून पुन्हा डोकं वर काढतं.

‘काम जास्त म्हणून ताण जास्त’ हा हिशेब अर्धवट आहे. १९७९ साली रॉबर्ट करासेक या संशोधकाने मांडलं की कामाचा बोजा आणि त्या कामावरचा आपला ताबा या दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायला हव्यात. सगळ्यात वाईट जागा ती, जिथे बोजा भरपूर आणि ताबा शून्य. काम कधी करायचं, कसं करायचं, आधी कुठलं घ्यायचं, यातलं काहीच आपल्या हातात नाही. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून सुरू झालेला दीर्घकालीन अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे वरच्या खुर्चीतल्या माणसापेक्षा त्याच्या हाताखाली दिवसभर हुकूम झेलणाऱ्याची तब्येत जास्त धोक्यात असू शकते.

पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी तिसरी गोष्ट जोडली: आपण घालतो ती मेहनत आणि परत मिळणारा मोबदला यांतली तफावत. मोबदल्यात पगार येतो, तशीच कदर, नोकरीची शाश्वती आणि पुढे सरकण्याची संधीही येते. ‘एवढं करूनही कुणाला काही नाही’ ही कुरकुर म्हणजे नुसती नाराजी नव्हे.

बोजाही अर्थात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. तुमचे तास कायमचेच तिथे पोचले असतील, तर बाकीचे उपाय करण्याआधी तास कमी करण्याचा मार्ग शोधा.

पहिली पायरी: दोन आठवडे नोंद

वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. लिहायचं इतकंच: वेळ, काय घडलं, शरीरात काय जाणवलं आणि ० ते १० मधला एक आकडा. नोंद तिथल्या तिथे करायची. रात्री आठवून लिहिलं तर सगळाच दिवस वाईट वाटतो आणि कारण हाती लागत नाही. नोंदी साधारण अशा दिसतात:

मंगळवार, दुपारी ४.४०. रिपोर्ट ‘फॉरमॅट बदला’ म्हणून परत आला. तिसऱ्यांदा. जबडा आवळलेला. ७.

बुधवार, रात्री १०.१५. साहेबांचा मेसेज: ‘उद्या बोलू.’ एवढंच. पोटात गोळा. ८. झोप दीडनंतर.

गुरुवार. कामाचा ढीग होता, पण दुपारपर्यंत कुणी मध्ये आलं नाही. मान थोडी अवघडली. ३.

यातली सगळ्यात बोलकी नोंद गुरुवारची. काम ढीगभर होतं आणि आकडा ३ वर राहिला, म्हणजे या माणसाचं दुखणं बोजा नाही. मंगळवार आणि बुधवार सांगतात ते असं की काय हवंय हे आधी स्पष्ट नसतं आणि काय होणार हे नंतर कळत नाही. या माणसाने ‘कामं कमी करा’ म्हणून भांडण केलं असतं तर ते जिंकूनही ताण तिथेच राहिला असता. म्हणून कमी आकड्यांचे दिवसही न चुकता लिहा.

दोन आठवड्यांनी ६ च्या वरच्या सगळ्या नोंदींपुढे एकेक शब्द टाका: बोजा, ताबा, अस्पष्टता, माणसं, कदर. बाहेरचं काही असेल, म्हणजे घरचं आजारपण, कर्ज, लांबचा प्रवास, तर तेही लिहा, कारण घरून आलेला ताण ऑफिसच्या नावावर खपून जातो. बहुतेकांच्या वहीत एक-दोन शब्दच पुन्हा पुन्हा येतात. पुढचं काम तेवढ्यावर करायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

दुसरी पायरी: अस्पष्टता आणि व्यत्यय

ही दोन दुखणी आधी घ्यायची, कारण त्यांवर कुणाची परवानगी न घेताही बरंच करता येतं.

काम हातात येताना तीन गोष्टी विचारून घ्या. कधीपर्यंत हवंय, ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, आणि शेवटी पास कोण करणार. तिसरा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण तिसऱ्यांदा परत येणाऱ्या रिपोर्टचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. एक जण पास करतो आणि दुसरा फिरवतो. उत्तर तोंडी मिळालं तर दोन ओळींचा मेल टाका: ‘आपलं ठरल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत पहिला मसुदा देते, त्यात फक्त तक्ते असतील.’ पुढे वाद झालाच तर हा मेल कामाला येतो.

‘उद्या बोलू’ छापाच्या मेसेजला गप्प बसणं हा सगळ्यात महागडा पर्याय आहे. ‘हो सर, कोणत्या विषयावर? त्याप्रमाणे माहिती काढून आणते’ असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. दहातल्या आठ वेळा विषय किरकोळ निघतो, असं माझं निरीक्षण आहे.

व्यत्ययाबद्दल सोफी लरॉय यांचं २००९ चं संशोधन उपयोगी आहे. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो आणि नव्या कामाचा दर्जा घसरतो. यावर साधा उपाय असा की उठण्याआधी एक ओळ लिहायची: कुठे थांबलो, पुढे काय करायचं. ‘दोन मिनिटं थांब, एवढं लिहून येतो’ म्हटलं तर कुणी रागावत नाही. मेल आणि मेसेज ठरावीक वेळीच बघणं ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं.

सगळ्यांना ते जमणार नाही, हेही खरं. वॉर्डातली नर्स, काउंटरवरचा कारकून, कॉल सेंटरमधली मुलगी, गाडी चालवणारा, यांना ‘दोन तास फोन बंद ठेवा’ हा सल्ला म्हणजे चेष्टा वाटेल. तिथे वैयक्तिक शिस्तीपेक्षा टीमची व्यवस्था कामाला येते. कटकटीचं काउंटर आळीपाळीने घ्यायचं, शिफ्ट बदलताना पाच मिनिटांचं नीट हस्तांतर करायचं, शिवीगाळ झालेल्या कॉलनंतर पुढचा कॉल घेण्याआधी काही मिनिटं मोकळी मिळायची. ही मागणी एकट्याने केली तर तक्रार ठरते, चौघांनी मिळून केली तर सूचना.

तिसरी पायरी: साहेबांशी बोलणं

बोजा किंवा ताबा हे शब्द वहीत जास्त वेळा आले असतील तर हे टळणार नाही. बहुतेक लोक इथेच अडकतात. महिनोन्महिने गप्प राहतात आणि मग एके दिवशी भर मीटिंगमध्ये भडका उडतो.

तयारी एका पानाची. डावीकडे हातातली सगळी कामं, उजवीकडे प्रत्येकाला लागणारे अंदाजे तास. छोटी, न दिसणारी कामंही लिहा: नव्या माणसाला शिकवणं, दुसऱ्या विभागाच्या चौकशा, दर आठवड्याचे तेच तेच तक्ते. बेरीज केल्यावर तुम्हालाच धक्का बसेल. वेळ वेगळी मागून घ्या, वीस मिनिटं पुरतात. जिन्यात गाठून किंवा भांडणाच्या दिवशी हा विषय काढू नका.

सुरुवात ‘मला खूप टेन्शन आलंय’ने करू नका. ते खरं असलं तरी समोरच्याच्या हातात त्याचं काय करायचं हे येत नाही, मग तो ‘अरे, होतं असं, रिलॅक्स’ म्हणून मोकळा होतो. असं म्हणा:

‘सर, या आठवड्याला माझ्याकडे पाच कामं आहेत, साधारण ६० तासांची. माझ्या हातात ४५ तास आहेत. यातलं कोणतं पुढे ढकलू?’

उत्तर येईल, ‘सगळंच अर्जंट आहे.’ हे उत्तर धरूनच चालायचं. मग निवड तुम्ही करून समोर ठेवा: ‘ठीक आहे, मग पहिली तीन मी शुक्रवारपर्यंत देते. उरलेली दोन पुढच्या बुधवारी जातील. त्यांपैकी एखादं आधी हवं असेल तर पहिल्या तिनातलं एक मागे घेऊ.’ आणि बाहेर आल्यावर हेच मेलवर. नकाराचा सूर कुठेही नाही, पण ६० तास ४५ मध्ये बसवण्याचा प्रश्न आता दोघांचा झाला.

ताबा मागायचा असेल तर छोटा आणि परत घेता येईल असा मागा. ‘रोज सकाळी अकरापर्यंत मीटिंग नको, महिनाभर करून बघू, जमलं नाही तर सोडून देऊ.’ महिनाभराला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि एकदा महिना नीट गेला की तीच पद्धत होऊन जाते.

आजाराचं नाव, गोळ्या, समुपदेशन हे साहेबांना सांगायचंच असं नाही. ‘तब्येतीच्या कारणाने काही आठवडे उशिरापर्यंत थांबता येणार नाही’ एवढं पुरतं. काहींना मोकळेपणाने सांगून चांगला आधार मिळतो, काहींची बढती अडते. समोरचा माणूस ओळखूनच ठरवा. सांगितलेलं परत घेता येत नाही.

साहेबच त्रासाचं मूळ असतील, सगळ्यांसमोर अपमान, मुद्दाम अशक्य मुदती, धमक्या असं चालू असेल, तर वरचं संभाषण कामाचं नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, याची नोंद ठेवा आणि कंपनीच्या तक्रार यंत्रणेकडे लेखी जा. एच.आर.शी बोलताना एवढं लक्षात असू द्या की तो कंपनीचा विभाग आहे. तिथली माणसं चांगली असू शकतात, पण त्यांचा पगार तुमच्या बाजूने उभं राहण्यासाठी नाही. युनियन असेल तर आधी तिथे बोला.

चौथी पायरी: दिवसभरात शरीर

आता श्वास. मीटिंगच्या आधी किंवा खरमरीत मेल वाचल्यावर छाती धडधडायला लागली की चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, तीन ते पाच मिनिटं. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. चक्कर आली तर थांबा. काही जणांना घाबरं झालेलं असताना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच गुदमरल्यासारखं होतं. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू मनात नाव घेऊन मोजाव्यात. एवढ्याने ताणाचं कारण जात नाही, उत्तर लिहिण्याआधी डोकं ताळ्यावर येतं.

रागात लिहिलेलं उत्तर मसुद्यात ठेवा आणि ‘प्रति’ची जागा रिकामी ठेवा. चुकून गेलं असं व्हायला नको.

कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात. दुपारी चारच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री नऊला अंगात असतं. झोप लागत नसेल तर सगळ्यात आधी ती कॉफी बंद करून बघा. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत होते. रोज संध्याकाळी ‘उतरवायला’ प्यावी लागत असेल तर तीही वहीत लिहा. व्यायामाबद्दल फार बोलत नाही. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रमाचा, चालणं धरून, हे माप सर्वमान्य आहे. ताणाच्या दिवसांत दहा मिनिटं चाललात तरी पुष्कळ.

पाचवी पायरी: काम संपवणं

संध्याकाळी काम संपत नाही, ते संपवावं लागतं. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. उद्याची कामं लिहा आणि प्रत्येकापुढे पहिली कृती: ‘बजेट’ नव्हे, तर ‘बजेटसाठी लेखा विभागाला फोन’. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला सांगितलं होतं. पुढच्या दिवसांची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. रात्री अंथरुणात डोकं जी उजळणी करत बसतं, ती कागदाने आधीच केलेली असते.

घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप बंद करून नजरेआड ठेवावा, कपडे बदलावेत, पाच मिनिटं बाहेर जाऊन यावं. ऑफिसचे ग्रुप ठरावीक वेळेनंतर म्यूट करा, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन करा असं टीमला सांगून ठेवा. मेसेज टाकायला कुणालाच काही वाटत नाही. रात्री दहाला फोन लावताना मात्र माणूस दोनदा विचार करतो.

झोपेसाठी एकच नियम पाळायचा तर उठण्याची वेळ रोज तीच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा. मोठ्या सुट्टीवर फार भिस्त ठेवू नका. तिचा आराम परतल्यावर काही आठवड्यांत विरून जातो. त्यापेक्षा दर आठवड्याला एक दिवस कामापासून पूर्ण तुटलेला मिळाला तर तो जास्त टिकतो.

डॉक्टरकडे कधी जायचं

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ही तिन्ही महिनोन्महिने असतील तर नुसती विश्रांती पुरत नाही. कामाची मांडणी बदलावीच लागते.

नैराश्य वेगळं. ते कामापुरतं राहत नाही, सुट्टीतही बरोबर येतं. आवडीच्या गोष्टीतही रस नाही, मन सतत खिन्न, झोप किंवा भूक बिघडलेली, स्वतःबद्दल अपराधी वाटणं, हे दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं तर डॉक्टरकडे जा. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालते. थायरॉइडची तक्रार, रक्ताची कमतरता किंवा बी-१२ ची कमतरता यांनीही असाच थकवा आणि उदासी येते, आणि ते रक्त तपासून कळतं. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या उपचारांनी मदत करतात, औषध लिहून द्यायचं ते मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.

आत्महत्येचे विचार येत असतील तर आजच एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. एकटे राहू नका. इजा करता येईल असं जे काही हाताशी असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या. हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. नोकरी, मुदत, साहेब, सगळं उद्या बघता येईल. शेजारच्या टेबलावरच्या कुणाबद्दल अशी शंका आली तर आडून विचारू नका, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते.

सोडायचीच असेल तर

वहीतले आकडे, साहेबांशी झालेलं बोलणं, तीनेक महिन्यांची वाट, इतकं करूनही काही हललं नसेल, तर दुसरी नोकरी शोधणं हा पळपुटेपणा नाही. फक्त निर्णय सगळ्यात वाईट आठवड्यात घेऊ नका. शक्यतो हातची नोकरी असताना शोधा, काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि तब्येत ढासळली असेल तर राजीनाम्याआधी वैद्यकीय रजेचा पर्याय तपासा.

मुलाखतीला जाताना वही परत चाळून जा. तुमचा शब्द ‘अस्पष्टता’ असेल तर विचारा, ‘सहा महिन्यांनी या जागेवरच्या माणसाचं काम चांगलं झालं, हे तुम्ही कशावरून ठरवाल?’ ‘बोजा’ असेल तर, ‘टीममध्ये किती जण आहेत, आणि वर्षभरापूर्वी किती होते?’ ‘ताबा’ असेल तर, ‘अलीकडे टीमने स्वतः ठरवून बदललेली एखादी गोष्ट सांगाल?’ आणि शब्द कुठलाही असो, ‘या जागेवर आधी कोण होतं, ते कुठे गेले?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. बढती मिळून वर गेले, असं उत्तर आलं तर ठीक. ‘गेल्या दोन वर्षांत तिघं बदलले’ असं कळलं, तर त्या तिघांपैकी एकाला गाठून बोलल्याशिवाय ऑफर लेटरवर सही करू नका.